शतावरीचा डबा

काळाचौकी, ९ नोव्हेंबर

चि. ऋग्वेदा हिस,

पाकिटावरचं अक्षर बघून हसशील. काळाचौकी ते फणसवाडी, टॅक्सीत बसलं तर अर्धा तास नाही लागत, आणि ही बाई पोस्टाच्या रांगेत उभी राहून तिकीट चिकटवतेय. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, मग मी करू काय? मयूरच्या हाती चिठ्ठी देणार नाही. माझाच मुलगा आहे, मला माहीत आहे, आधी तो वाचील.

दसऱ्याचं माझं चुकलं. हे पहिलं लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचशील. तुझी पाळी दोन महिने धड आली नव्हती आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. आपट्याची पानं द्यायला आख्ख्या मजल्यावर फिरले आणि प्रत्येक दारात कानात सांगितलं, आमच्याकडे गोड बातमी आहे हं, एवढ्यात कुणाला बोलू नका. तुला विचारलं नाही, मयूरला नाही. दुसऱ्या दिवशी तू टेस्ट केलीस आणि काहीच नव्हतं. मग त्याच बायका जिन्यात तुला धरून "होईल गो, होईल" करत राहिल्या. तू कुणाला उलट बोलली नाहीस. चार दिवसांनी बॅग भरलीस आणि मला म्हणालीस, आई, मला इथे श्वास घेता येत नाही. मी म्हटलं, जा. तेही चुकलंच.

आता घरात मयूर आणि मी. दोघं बोलत नाही, टीव्ही बोलतो. दर्शना रविवारी चिंचपोकळीहून येते, माझी लेक असून तुझीच बाजू घेते आणि जेवून जाते. दिवाळीचा फराळ केला, पण चकल्या मऊ पडल्या. कुणी नाव ठेवायलाही नव्हतं.

आणखी एक. जाताना तू फडताळातला शतावरीचा डबा नेलास. नेलास ते बरं केलंस, तुझ्यासाठीच होता. पण ती पावडर आता घेऊ नकोस. तिला कीड लागली असणार, इथे उरलेलीत लागलीय. सरळ केरात टाक. मोह करू नकोस. डबा घासून तुझ्याकडेच ठेव, परत नको.

तब्येतीला जप. तुझ्या आईला, नलूताईंना, नमस्कार सांग, त्या घेतील तर.

तुझी,
आई


काळाचौकी, १८ नोव्हेंबर

चि. ऋग्वेदा,

तू उत्तर लिहिणार नाहीस हे धरूनच चालले होते. पण मयूर काल तुझ्याकडून आला आणि म्हणाला, "ती म्हणते कीड-बीड काही नाही. तिच्या आईने चाळणीने चाळून बघितली, स्वच्छ आहे. रोज दुधातून घेते." वर म्हणाला, "तिला तुझ्याकडची तेवढी एकच गोष्ट लागते, तीपण का काढून घेतेस?"

मी जेवण तसंच झाकून ठेवलं.

काढून घेत नाही गो. कीड लागली नसेल, मी म्हातारी, मला नीट दिसत नसेल. पण शतावरी जुनी झाली की उष्ण पडते. अंगाला उठतं. गावच्या वैद्यानेच मला सांगितलंय. तुला नवीन करून देते की! जाईबाईंना सांगून गावाहून मुळ्या मागवल्यात, धुऊन, वाळवून, दळून देते. तोवर घेऊ नकोस. महिनाभर पावडर नाही घेतली म्हणून काय बिघडणार आहे?

आणि एक विचारते, सासू म्हणून नाही, बाई म्हणून. पाळी आली का? नोव्हेंबरची तरी? नुसते डाग जातात की नीट येते? मयूरला विचारलं तर तो लाल होतो आणि मोबाइलमध्ये तोंड घालतो. बत्तीस वर्षांचा घोडा झाला.

मला अजून तुझा ओवसा, गौरीपुढे सुपं ओवाळण्याचा तो दिवस, आठवतो. तुमच्या फणसवाडीत ही पद्धत नाही, तुला सगळं नवं होतं. गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच नव्या सुनेचा ओवसा होतो, हे मी तुला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. त्या वर्षी पूर्वा नव्हती. दुसऱ्या वर्षी होती तर ऐन पूजनाच्या सकाळी तुझी पाळी आली आणि तू बाजूला बसलीस. जाईबाई, माझी थोरली जाऊ, सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "शैलाच्या सुनेची सुपं देवीला नको झाली वाटतं." मी हसले. मला हसावंच लागतं तिच्यापुढे. पस्तीस वर्षं हसतेय.

यंदा मात्र तू हिरव्या साडीत सुपं घेऊन उभी राहिलीस आणि जाईबाईला बोलायला जागा उरली नाही. तू एवढ्या मनापासून ओवसलीस. मला म्हणालीस, आई, मला वाटलं नव्हतं की मला आवडेल. असो. ते आता कशाला.

पावडर बंद कर. एवढं ऐक.

आई


काळाचौकी, २९ नोव्हेंबर

चि. ऋग्वेदा,

परवा मी येऊन गेले ते नलूताईंनी सांगितलंच असेल. काय सांगितलं असेल तेही मला कळतं.

आधी मयूरचं सांगते. बुधवारी तो ऑफिसातून आला आणि बूटही न काढता खाटेवर बसला. म्हणाला, रिपोर्ट आले. रक्तातले पाळीचे हार्मोन्स खाली गेलेत, असायला हवेत त्याच्या पाव पण नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, अंडाशयाचा दोष दिसत नाही, मेंदूतून जो हुकूम सुटतो तोच सुटत नाहीये. मेंदूखाली एक ग्रंथी असते, तिथे गाठ आहे का बघायला हवं. डोक्याचा एमआरआय. आठ डिसेंबरची तारीख मिळालीय. "ती मोबाइलवर तेच वाचत बसते," म्हणाला, "आणि रडते. मला म्हणते, गाठ निघाली तर तू दुसरं लग्न कर."

मी पोळ्या लाटत होते. तवा जळेपर्यंत लाटतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. नवीन शतावरी दळून आली होती, ती अगदी तसल्याच दुसऱ्या डब्यात भरली. म्हटलं, तुझ्या हातात हा देईन आणि तो घेईन, झालं. जिने चढले तुमचे, गुडघ्यांनी हाय खाल्ली. नलूताईंनी दार उघडलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, चहा टाकला. माणुसकीला कमी नाहीत त्या. तू आतल्या खोलीत होतीस. तुझ्या चपला दारातच होत्या गो, मी काय आंधळी आहे? त्या म्हणाल्या, ती झोपलीय. मी म्हटलं, झोपू दे.

मग मी विषय काढला. म्हटलं, तो शतावरीचा डबा तेवढा द्या, त्याच्या बदल्यात हा ताजा आणलाय. नलूताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "शैलाताई, माझ्या पोरीच्या डोक्यात गाठ आहे की नाही ते दहा दिवसांनी कळणार आहे, आणि तुम्ही पुन्हा त्या डब्याचंच काढता? तिसऱ्यांदा?" मग आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. "आई, तो माझा आहे. देऊ नकोस." झोपलेली नव्हतीस.

त्यांनी डबा परत नेला. मी चहा संपवला, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. खाली आले. ताजा डबा तसाच पिशवीत. ठाकूरद्वारला बसस्टॉपवर बसून राहिले, तीन बसा सोडल्या.

एकच विचारते. डॉक्टरांनी तुला विचारलं असेल ना, काही औषधं घेता का? तू काय सांगितलंस? पावडरीचं सांगितलंस का? नाहीच सांगितलं असणार. शतावरीला औषध कोण म्हणतं. मीही म्हटलं नसतं. पण सांग त्यांना. डबाच घेऊन जा आणि दाखव.

आई


काळाचौकी, २ डिसेंबर

ऋग्वेदा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी येऊन स्वतः दाराखालून सरकवते, कारण आठ तारीख जवळ आलीय आणि पोस्टाचा भरवसा नाही. वाचून झाल्यावर फाडू नकोस. सोबतचा वेगळा कागद डॉक्टरांना द्यायचा आहे.

तुझ्या डोक्यात गाठ नाही. पावडरीत गोळ्या आहेत. मी घातल्या.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. ऑगस्टमध्ये मी तुला त्या घे म्हणून सांगितलं होतं, आठवतं? आमच्याकडे सगळ्याच घेतात. गणपती आले की आमच्या चाळीत चार घरांत तरी गोळ्यांची पत्ती असते. तू म्हणालीस, नाही आई, माझं डोकं उठतं त्याने, डॉक्टरांनी नको म्हटलंय, पाळी आली तर आली, ओवसा पुढच्या वर्षी करू. मी पंचांग दाखवलं. पुढच्या वर्षी गौरी उशिरा, पूर्वा नाही. तू म्हणालीस, मग त्याच्या पुढच्या वर्षी. तुला केवढं सोपं होतं ते. माझ्या डोळ्यापुढे जाईबाई.

तू शतावरी घेतच होतीस. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून, पोटात दुखायचं म्हणून मीच सुरू केली होती. तुला गुण आला, तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या आईंची पावडर. मी साठ गोळ्या आणल्या. एकाच दुकानात एवढ्या मागितल्या तर विचारतील, म्हणून तीन दुकानं केली. लालबागला एक, परळला एक, एक आपल्या नाक्यावर. कुणीही चिठ्ठी मागितली नाही. तू ऑफिसला गेल्यावर खलबत्त्यात कुटल्या आणि आख्ख्या डब्यात कालवल्या. रोज एक कुटायची तर रोज तुझ्यापासून लपवावं लागलं असतं. एकदाच पाप केलं की सुटलं, असा माझा हिशोब. मग तुला सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा दिला. संध्याकाळचा का, तू विचारलंस. मी म्हटलं, गावी दगदग होते, अंगात ताकद हवी.

गावी तुझं डोकं दुखत होतं. मी बाम चोळला. माझ्याच हाताने.

ओवसा झाला. परत आल्यावर मी डबा ओतून द्यायला मोरीशी नेला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. त्या मुळ्या मी उन्हात बसून सोललेल्या, पाठ मोडेस्तोवर. टाकवेना. म्हटलं, यात नवीन पावडर ओतली की गोळ्यांचा अंश राहील कितीसा? आमटीत मीठ जास्त पडलं की आपण पाणी वाढवतो, तेवढीच अक्कल चालली माझी. वरून काठोकाठ नवी भरली, ढवळली आणि ठेवून दिली. त्यातलाच चमचा तू अजून रोज घेतेस.

आता सगळ्यात वाईट. मला हे कधी कळलं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तू बाथरूममधून ती टेस्टची पट्टी घेऊन बाहेर आलीस आणि माझी नजर फडताळाकडे गेली. पोर नाही आणि पाळीही नाही, मग ते डब्यातलंच, दुसरं काय? तेव्हाच डबा उचलून ओतला असता तर संपलं होतं. पण तू तिथेच उभी होतीस आणि विचारलं असतंस, का ओतता? म्हटलं, तू ऑफिसला गेलीस की टाकीन. तू ऑफिसला गेलीच नाहीस, चार दिवस रजा टाकून पडून राहिलीस, आणि गेलीस तेव्हा डबा घेऊन गेलीस. तुझ्या बॅगेत तो जाताना मी बघितला.

म्हणजे दोन महिने मला माहीत होतं, आणि मी तुला कीड म्हटलं, उष्णता म्हटलं, काय वाटेल ते म्हटलं. तू घाबरून मरत होतीस आणि मी माझं तोंड वाचवत होते.

कागदावर गोळीचं नाव लिहिलंय, नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅम, साठ. रिकामी पत्ती एक सापडली, तीही जोडलीय. कुटल्याची तारीख एकोणीस ऑगस्ट. एमआरआय करायचा की नाही ते त्यांना ठरवू दे, पण हे वाचून ठरवू दे.

मयूरला उद्या सांगते. तुझ्या आधी त्याला सांगितलं असतं तर त्याने माझीच समजूत घातली असती, आणि मी ती घेतली असती.

माफी मागायची लाज वाटते. तरी मागते.

शैला


काळाचौकी, २१ डिसेंबर

ऋग्वेदा,

तुझं पत्र मिळालं. अडीच महिन्यांत पहिलं. वर नाव नाही, खाली नाव नाही, तीन प्रश्न. हरकत नाही, मी शाळेत शिपाई होते, प्रश्नपत्रिकेला कुणी नमस्कार लिहीत नाही हे मला माहीत आहे.

एमआरआय रद्द झाला हे दर्शनाकडून कळलं. डॉक्टर म्हणाल्या, डबा बंद, सहा आठवडे थांबायचं, मग रक्त पुन्हा तपासायचं. आणि सोळा तारखेला तुला पाळी आली. दर्शनाने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते, ती तशीच टाकून रडले. त्याचं तुला काही वाटायला नको. खूप दुखतंय म्हणाली. यावेळी दुखेल.

मयूर तुझ्याकडे राहायला आला, बरं झालं. मी सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. ताटावरून उठला आणि चार दिवस माझ्या हातचं जेवला नाही. मग कपडे नेले. आता टीव्हीही लावत नाही मी.

तुझे प्रश्न.

पहिला, साठच होत्या का? हो. साठच. देवाची शपथ घालणार नाही, माझ्या शपथेला आता किंमत नाही. पण साठच.

दुसरा, त्याआधी कधी तुझ्या खाण्यात काही घातलं होतं का? नाही. अडीच वर्षं जी दिली ती निव्वळ शतावरी होती, त्यात भेसळ नव्हती. तुला गुण आला तो खराच होता. तुला आता त्यावर विश्वास ठेवता येणार नाही, हे समजतं मला.

तिसरा, आणखी कोणाला दिलं का?

या एका प्रश्नासाठी चार दिवस कागद पुढे घेऊन बसतेय. उत्तर "नाही" असं आहे. तेवढंच लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण तू खरं विचारलंयस.

दर्शनाचीही तारीख त्याच आठवड्यात होती. ती गौरीला माहेरपणाला गावी येणार होती, तिच्याही हातची सुपं निघणार होती. मी तिला जुलैतच फोन केला. म्हटलं, गोळ्या आणून ठेवू का गो तुझ्यासाठी? ती म्हणाली, "आई, मी असलं काही घेणार नाही. आली तर बसेन बाजूला." मी म्हटलं, बरं बाई. पुढे भाजीपाल्याचं बोललो. पुन्हा मी तिला विचारलं नाही, समजावलं नाही, पंचांग दाखवलं नाही. जाईबाई काय म्हणेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. गौरीत तीन दिवस दर्शना पडवीत बसली. मी तिला तिथे ताट नेऊन दिलं, वर तूप वाढलं. तू बघितलंस.

तुला काय वाटलं असेल तेव्हा, मला माहीत नाही. मी तरी तेव्हा काही वाटून घेतलं नाही.

दोघींनीही मला एकच उत्तर दिलं होतं. दर्शनाचं ऐकून मी फोन ठेवला. तुझं ऐकून तीन दुकानं फिरले.

शैला